मागचा इंडिकेटर आणि शेवटची ट्रॉली



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्यात वाहनांच्या नोंदी, करार, टोळ्यांची उचल अशी एकच धांदल उडते. ट्रॅक्टर पाहावा तर टायर नवे, हूक वेल्डिंग करून पक्का, पुढे झेंडूचा हार. मागे मात्र इंडिकेटरच्या काचेत कोळ्याचे जाळे. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले, "साहेब, मागं रिफ्लेक्टर लावलाय की!"

रिफ्लेक्टर हवाच. पण पुढे काहीतरी आहे, एवढेच तो सांगतो. ते वळणार आहे हे सांगणे त्याचे काम नव्हे. मागचा मोटारसायकलवाला उजवीकडून पुढे काढणार आणि आपली खेप त्याच वेळी उजवीकडे कारखान्याच्या फाट्याला वळणार, हा खरा धोका. ड्रायव्हरने हात दाखवला तरी उसाच्या भाराआड रात्री तो कुणाला दिसायचा? दोन ट्रॉल्या जोडल्या की ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवेही झाकले जातात. म्हणून शेवटच्या ट्रॉलीचा उजवा बल्ब हा आमच्या मते सबंध गाडीतला सर्वांत मोलाचा दिवा होय.

तो बदलणे दहा मिनिटांचे काम आहे. बहुतेक जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलींना १२ व्होल्ट, २१ वॅटचा, आत एकच तार असलेला बल्ब लागतो. ब्रेकचा आणि मागचा लाल दिवा एकत्र असतो तिथे २१/५ वॅटचा दोन तारांचा बल्ब असतो. त्याच्या बाजूच्या खुंट्या खाली-वर असतात, म्हणून तो इंडिकेटरच्या होल्डरात बसत नाही. (पकडीने दाबून बसवणारे बहाद्दरही आहेत!) दुकानात जाताना जुना बल्ब खिशात टाकून न्यावा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असू शकते, तेवढे पाहावे. स्विच बंद करून काचेचे स्क्रू काढावेत, बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की हातात येतो.

पुष्कळदा बल्ब बिचारा शाबूत असतो, दुखणे होल्डरात असते. वर्षभर ट्रॉली पावसात उभी, आत गंज. तो पॉलिश पेपरने घासून थोडे व्हॅसलीन लावावे. त्याहून मोठी भानगड अर्थिंगची. आमच्याकडे ट्रॉलीची अर्थ हूक-पिनमधूनच मिळते असे धरून चालतात. वाटेत खड्डा आला की पिन हलते, दिवा जातो. इंडिकेटर लावल्यावर शेजारचा लाल दिवाही मंद लुकलुकू लागला तर अर्थ कच्ची समजावी आणि ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढावी. एलईडी बसवणाऱ्यांनी फ्लॅशरही त्याला चालणारा घ्यावा. जुन्या फ्लॅशरला एलईडीचा भार पुरत नाही, मग उघडझाप भलत्याच गतीने होते किंवा होतच नाही.

वाहतूकदार म्हणतात, हंगामात वेळ कुठला? आम्हांला हे पटत नाही. केनयार्डात नंबर लागेपर्यंत गाडी तासन् तास उभी असते, तेव्हा चहाच होतो ना? कारखान्याने गट ऑफिसात आणि यार्डात बल्ब, होल्डर, वायर ठेवावी, खरेदीच्या भावाने द्यावी आणि रक्कम वाहतूक बिलातून कापावी. दिवा लागल्याशिवाय रिकामी गाडी यार्डाबाहेर सोडू नये. काहींना हे जाचक वाटेल, वाटू द्या.

सभासदांनीही "गाडी काय आपली हाय व्हय?" म्हणून अंग काढू नये. ऊस आपला आहे, रस्ताही आपल्याच गावचा आहे. ट्रॉली फडात आली की भरणीआधी मागे उभे राहून ड्रायव्हरला "उजवा लाव" म्हणावे. भरल्यावर वाढे आणि उसाची टोके दिव्यावर लोंबत असतील तर तिथेच छाटून घ्यावीत. दिवा लागला नाही तर चिटबॉयला सांगावे. तशी गाडी गटात कळवण्याची सूचना आम्ही सर्व चिटबॉयना दिली आहे.