सक्ती उठली, विद्या उरावी

उज्जयिनीत महाराजा जयसिंग यांची अठराव्या शतकातील वेधशाळा आहे. घरोघरी घड्याळे आली, तरी तिच्या छायायंत्रापाशी मुले थांबतात आणि सूर्यावरून वेळ कशी ठरते हे पाहतात.

हौशी बिनतारीचालकांपुढेही असाच प्रश्न आला. टिंबे-रेघांची मोर्स लिपी परवान्यासाठी आलीच पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ साली जिनिव्हाच्या रेडिओ परिषदेने उठविली. अमेरिकेने ती परीक्षा २००७ साली बंद केली. भारताने वरच्या श्रेणीसाठी त्यानंतरही राखली. 'आता शिस्त गेली,' असे कित्येक जुने जाणते हळहळले.

आम्हांस तसे वाटत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान हादरले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद व त्यांच्या सोबत्यांनी तेथील लोकांचे क्षेमकुशल मुख्यभूमीवरील आप्तांस कळविले, ते तोंडी बोलून. सेवाभावास लिपीची अट नसते. तथापि क्षीण लहरींवर शब्द विरतो, तेथेही मोर्सचा ठोका ऐकू येतो. म्हणून ती आवडीने शिकणारे आजही आहेत.

प्रिय वाचकहो, परीक्षेच्या धाकाने शिकलेले पुष्कळदा परीक्षेबरोबरच विसरते. जाणत्यांनी नवख्यास हिणवू नये; शेजारी बसवून पहिली अक्षरे शिकवावीत. सक्ती गेल्यावर विद्या टिकते ती अशानेच.