पोट समुद्रावर, हात धरणावर

ऑगस्ट हा आपल्या कामातला बसून राहण्याचा महिना. बोटी ताडपत्रीखाली, शिडं धुऊन घडी घातलेली आणि टेबलावर ऑक्टोबरच्या तुकडीचे अर्ज. त्यात बुलढाणा, चिखली, मोताळा असे पत्ते दिसले की आपल्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "घाटावरची पोरं, यांना बोट लागणार." घाटावरची म्हणावीत हे ठीक. पण बोट लागण्याचा आणि गावाच्या पत्त्याचा काही संबंध नाही, आणि प्रशिक्षकाने तो जोडू नये.

बोट लागण्याचं कारण आपल्याला माहीत आहे, फक्त शिकवताना आठवत नाही. डोळे सांगतात की समोरचा बाक आणि दोर जागच्या जागी आहेत, अंतर्कर्ण सांगतो की सगळं वरखाली होतंय. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून पोट ढवळतं. अंतर्कर्णाचा तोल सांभाळणारा भाग ज्यांच्यात पूर्णपणे निकामी असतो, त्यांना कितीही हेलकावे बसले तरी बोट लागत नाही. धैर्याचा, पोहण्याचा किंवा कोळीवाड्यात जन्मण्याचा यात वाटा असता, तर असं झालं नसतं.

म्हणून अर्जात "समुद्र पाहिला आहे का?" असं विचारण्यापेक्षा "एसटी लागते का?" हे विचारावं. बुलढाण्याहून मलकापूर स्टेशन गाठायचं तर राजूर घाट उतरावा लागतो. त्या वळणांवर खिडकी पकडून बसणाऱ्या मुलाचं पोट आपल्या बोटीत काय करणार, याचा अंदाज तिथेच बांधता येतो. शिवाय घरात कुणाला गाडी लागत असेल, तर त्यावर घरचा उपाय आधीच ठरलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा अवोमिन असतो. हे आपल्याला आधी कळलं पाहिजे. अवोमिनने झोप येते. आठवीतला मुलगा टिलरजवळ पेंगतोय आणि बूम या बाजूकडून त्या बाजूला येतोय, हे चित्र उलटीपेक्षा वाईट. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, तीही आधी घरी एकदा घेऊन पाहिलेली, आणि पाण्यावर जाण्याच्या तासभर तरी आधी. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, मग पोटात गेलेली गोळी तशीच पडून राहते किंवा बाहेर येते. आपण स्वतः खिशातून गोळ्या वाटू नयेत, हे वेगळं सांगायला नको. (रात्रभर रेल्वेने आलेली मुलं शेगावची कचोरी बांधून आणतात. ती उत्तम असते. बोटीतून उतरल्यावर खावी.)

आता पाण्याबद्दल. कोणती लाट पोट ढवळते यावर बरंच काम झालं आहे, आणि पाच-सहा सेकंदांनी एक अशी संथ वरखाली सर्वांत त्रासदायक ठरते. मुंबई बंदराच्या तोंडाबाहेर येणारी लांब लाट नेमकी अशी. देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णेच्या जलाशयावर किंवा मोताळ्याकडच्या नळगंगेवर वारा सुटला, तर उठणारी लाट आखूड, उभी आणि दोन सेकंदांच्या आसपासची. होडी धडधडते, अंगावर पाणी उडतं, पण पोट सहसा शांत राहतं.

यावरून आपले काही सहकारी म्हणतात की धरणावर शिकवून काय उपयोग, पोट तर तयार होत नाही. पोट तयार होत नाही हे खरं. ते समुद्रावरच होतं, सलग दोन-तीन दिवस मिळाले तर बहुतेकांचं होतं, आणि मध्ये मोठा खंड पडला की पुन्हा बिघडतं. पण हात धरणावरच तयार होतात. कॅप्साइझ झालेली बोट सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करणं, वारा वाढायच्या आधी मेनसेलला रीफ घेणं, झोत आला की शीट सोडणं, या गोष्टी ज्याला झोपेतही जमतात त्याला समुद्रावर मळमळतानाही जमतात. एकाच दिवशी दोन्ही शिकवायला जाऊ नये. रविवारी पहिल्यांदा बोटीत बसलेल्या मुलाला त्याच दुपारी ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी नेलं, बाहेर जाणाऱ्या ओढीवर समोरून वारा आणि लाटा उभ्या, तर तो पुढच्या रविवारी येत नाही. मग आपण म्हणतो, घाटावरचा होता.

आणि धरण म्हणजे सोपं पाणी, हा समज जीव घेतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. ती शिडाची नव्हती, पण वारा तो भेद करत नाही. वळवाचा वारा ढग दिसल्यावर काही मिनिटांत येतो आणि उघड्या जलाशयावर आडोसा नसतो. खडकपूर्णेवर उद्या शिडाचा वर्ग सुरू करायचा असेल, तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बोट पाण्यात नको, लाइफ जॅकेट बक्कल लावूनच, आणि सोबत इंजिनाची एक बोट, एवढं ठरल्याखेरीज करू नये.

समुद्रावर मात्र नजर मुलांच्या चेहऱ्यावर हवी. उलटीच्या खूप आधी खुणा दिसतात. सगळ्यांत बडबडा मुलगा गप्प होतो, जांभया देतो, थुंकी गिळत राहतो, ओठांभोवतीचा रंग उडतो. तेवढ्यात टिलर त्याच्या हातात द्यावा आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या ठळक खुणेवर नाळ धरायला सांगावं. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, तेच इथे. तळाशी बसून दोराच्या गाठी सोडवायचं काम त्याला चुकूनही देऊ नये. उलटी झालीच तर बादली द्यावी, काठावरून वाकू देऊ नये. उघड्या बोटीतून माणूस पडतो तो अशाच वेळी. दुसऱ्याने त्याचं जॅकेट मागून धरावं. नंतर ओआरएस घोटाघोटाने. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात नाविक अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' या शिडाच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. सुटकेची वाट पाहताना पोटात काही ठरत नव्हतं. त्यांचं कारण वेगळं होतं, पण शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका तोच. दुपारच्या उन्हात तेरा वर्षांचं मूल दोन उलट्यांनी किती थकतं, हे आपण पाहतो आणि "होतं असं" म्हणून सोडून देतो.

तुकडीतल्या इतरांनी हसू नये याची जबाबदारीही प्रशिक्षकाची. हसणारा बहुधा पुढच्या पंधरा मिनिटांत काठाशी असतो, पण तेवढ्यावर विसंबू नये.

अर्जात दोन रकाने वाढवायचे आहेत: प्रवासात गाडी लागते का, आणि त्यावर घरी कोणतं औषध देतात. पुढच्या तुकडीचे अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापायला जातात.