शब्दाची हद्द आणि माणसाची अब्रू



फौजदारी कायद्यातील संज्ञांचा परिचय मराठीच्या विद्यार्थ्याला कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तुमच्यापैकी बहुतेकजण संसार, शेती, नोकरी सांभाळून शिकत आहेत. फिर्याद देण्याची, पंच म्हणून पंचनाम्यावर सही करण्याची किंवा साक्षीला उभे राहण्याची वेळ तुमच्यावर कधीही येऊ शकते. त्या वेळी तुमच्यापाशी असलेले साधन म्हणजे तुमची मराठी. म्हणून या संज्ञा केवळ वकिलांवर सोपवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा अर्थ नीट समजून घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे आणि नागरिकाचेही.

व्यवहारातील शब्द सैल असतो. कायद्यातील शब्दाला हद्द आखलेली असते. केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या रावेर तालुक्यातील सावद्याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. सावदा शिवारातील एक शेतकरी सकाळी बागेत जातो, तर रात्रीतून घड कापून नेलेले दिसतात. गावात बातमी पसरते, ‘बागेवर दरोडा पडला!’ कायदा मात्र आधी विचारतो, नेमके काय घडले? चोरी ही जंगम मालमत्तेचीच होते. घड झाडावर आहे तोवर तो जमिनीशी जोडलेला असतो, म्हणून जंगम नसतो. परंतु अप्रामाणिकपणे नेण्याच्या हेतूने तो कापला, की त्याच क्षणी चोरी घडते. घड नेताना रखवालदाराला मारहाण केली किंवा तत्काळ इजा करण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून अशी जबरी चोरी केली, तरच तो दरोडा. सहाजणांनी गुपचूप, कोणालाही धाक न घालता घड नेले, तर तेवढ्याने तो दरोडा होत नाही. हा भेद केवळ शाब्दिक नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत, जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत, तर दरोड्याला आजन्म कारावासापर्यंत शिक्षा सांगितली आहे. एका शब्दाच्या फरकाने एखाद्याचे उभे आयुष्य तुरुंगात जाऊ शकते.

आता समजा, घड नेले नाहीत. वैरापोटी केळीची उभी खोडे कापून टाकली. चोराने काहीच नेले नाही, मग गुन्हा कोणता? कायद्याच्या मराठी भाषांतरात यासाठी ‘आगळीक’ हा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘काही आगळीक झाली असल्यास क्षमा असावी’ असे म्हणतो. वर्षभराची मेहनत भुईसपाट झालेल्या शेतकऱ्याला हा शब्द थट्टेसारखा वाटेल, हे मला मान्य आहे. मग सरळ ‘नुकसान’ का म्हणू नये? कारण वादळानेही केळी आडवी होतेच आणि तेही नुकसानच असते. कायद्यातील आगळिकीत हेतू किंवा जाणीव अभिप्रेत असते: आपल्या कृत्याने दुसऱ्याची गैरहानी होईल हे ठाऊक असताना केलेला नाश. नुकसान वादळ करते. आगळीक माणूसच करतो. शब्द अपुरा वाटला तरी त्याची व्याख्या फिर्यादीच्या बाजूने उभी राहते. म्हणून त्याचा परिचय करून घेणे हिताचे.

कृत्याच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, जपावे लागते ते माणसाचे नाव. संशयित, आरोपी आणि दोषी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्याच्याविषयी केवळ संशय आहे तो संशयित, ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी आणि न्यायालयात ज्याच्यावरील आरोप सिद्ध झाला तो दोषी. व्याकरण येथे आपल्याला फसवते. रोग ज्याला आहे तो रोगी, दोष ज्याच्या ठायी आहे तो दोषी. त्याच घडणीचा ‘आरोपी’ हा शब्द कानावर पडताच आरोप जणू त्या माणसाचा गुणधर्मच आहे, असा भास होतो. वस्तुतः आरोप दुसऱ्याने केलेला असतो. आणि ‘गुन्हेगार’? फारसीतील ‘गुनाह’ला ‘गार’ हा प्रत्यय लागून आलेला हा शब्द कर्त्याचा निर्वाळाच देऊन टाकतो. अटकेच्या दिवशीच ‘गुन्हेगार जेरबंद’ असे म्हणणारा माणूस न्यायालयाच्या आधी निकाल देत असतो.

हा निकाल एकट्या माणसापुरता राहत नाही, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. कृत्य न पाहता जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारी ही संज्ञा होती. तिच्यामुळे माणसांची नोंद झाली, हजेरी लागली, काहींना तारेच्या कुंपणाआड राहावे लागले. इटलीतील लोम्ब्रोझोने ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडणारा ग्रंथ 1876 मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्या गुन्हेशास्त्राने ती कल्पना टाकून दिली आणि गुन्ह्याची कारणे परिस्थितीत, संगतीत, दारिद्र्यात आणि समाजाने मारलेल्या शिक्क्यातही शोधली. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. कायदा गेला, तरी शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे ‘उचल्या’ हे शीर्षक या दृष्टीने पाहा. हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्दच त्यांनी पुस्तकाच्या माथ्यावर ठेवला आणि वाचकाला उत्तर मागितले.

यावर कोणी म्हणेल, शब्द इतके तोलत बसलो तर ज्याचे नुकसान झाले त्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. परंतु अतिशयोक्तीने त्याचे भले होत नाही. चोरीला दरोडा म्हटल्याने दरोड्याची शिक्षा होत नाही. व्याख्येतील प्रत्येक घटक सिद्ध करावा लागतो आणि फुगवलेली फिर्याद उलटतपासणीत टिकत नाही. काय गेले, कोणी पाहिले, किती जण होते, धाक घातला का, हे जसे घडले तसे सांगणारी साधी मराठी फिर्यादीच्या अधिक उपयोगी पडते. नेमका शब्द फिर्यादीलाही राखतो आणि आरोपीलाही.

या घटकाचा स्वाध्याय म्हणून एक आठवडा आपल्या जिल्ह्याच्या वृत्तपत्रातील गुन्हेविषयक बातम्या वाचा. ‘दरोडा’, ‘चोरी’, ‘आरोपी’, ‘गुन्हेगार’ हे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे लिहा: बातमीतील मजकूर या शब्दाला पुरेसा आधार देतो काय? जेथे देत नाही, तेथे योग्य शब्द सुचवा. ही सवय परीक्षेनंतरही टिकली, तर हा घटक सार्थकी लागला असे मी समजेन.