नवीन कीबोर्डचा हप्ता पाडण्याआधी जुन्याची सेटिंग उघडा

मागच्या आठवड्यात धामणगाव रेल्वेतलाच एक पोरगा भेटायला आला. भजनाला, लग्नाच्या संगीताला कीबोर्ड वाजवतो. लॅपटॉपला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड आहे त्याच्याकडे. म्हणे, "सर, हा काही कामाचा नाही. आता नवीनच घ्या लागते. हप्त्यावर भेटन का?"

मी विचारलं, याच्यात काय होत नाही ते सांग. तर तीन तक्रारी निघाल्या. पेटीचा आवाज मध्येच दबतो, मध्येच अंगावर येतो. गायिका काळी पाच म्हणाली की बोटं अडखळतात. आणि मागच्या कार्यक्रमात पेडल उलटं चाललं.

माझं मत स्पष्ट आहे. यातल्या एकाही दुरुस्तीला रुपया लागत नाही.

मिडी 1983 मध्ये बाजारात आलं. या कीबोर्डमधून आवाज जात नाही, अंक जातात. कोणती पट्टी दाबली आणि किती जोरात दाबली, हे 0 ते 127 मध्ये लॅपटॉपला कळतं. जोराच्या त्या अंकाला वेलॉसिटी म्हणतात. पियानोला तो हवाच. पण पेटीचा विचार करा. पट्टी हळू दाबा की ठोका, आवाज तेवढाच. आवाज वाढवतो तो भाता! मग भजनाला बसताना वेलॉसिटी 'फिक्स्ड' करायची आणि भात्याचं काम एखाद्या स्लायडरला द्यायचं. स्लायडरला कंट्रोल नंबर 11 लावा, म्हणजे एक्स्प्रेशन. बहुतेक जण 7 लावतात, तो व्हॉल्यूम. तबल्यासोबत 7 एकदाच जुळवून ठेवा आणि गाण्यातला चढउतार 11 वर करा. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

काळी पाचसाठी ट्रान्सपोज उणे 2. बोटं पांढरी एकवरच, ऐकू येणार काळी पाच. जुने पेटीवाले याला पळवाट म्हणतील, आणि थोडं खरंही आहे ते. म्हणून घरी काळी पाचचा रियाज सोडू नका. पण चार हजारांची सुपारी घेतलेल्या रात्री रियाज काढत बसता येत नाही.

पेडलचं तर हसूच आलं. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कोणत्या स्थितीत आहे ते पाहतात. तेव्हा पाय पेडलवर असला की रात्रभर उलटंच. पाय काढा, बंद करून चालू करा.

हे सगळं जुळवल्यावर प्रीसेट सेव्ह करा. नाहीतर मंडपात केबल निघाली की मेहनत गेली. एक प्रीसेट भजनाचा, एक संगीताचा, आणि वर चिकटपट्टी लावून नाव लिहा. स्टेजच्या उजेडात मेनू दिसत नाही.

नवीन घेऊच नका असं मी म्हणत नाही. 25 पट्ट्यांचा कीबोर्ड म्हणजे दोनच सप्तकं; दोन्ही हातांनी पियानो वाजवायची ऑर्डर नियमित येत असेल तर ती कमी सेटिंगने भरून निघत नाही. तेव्हा घ्या, आणि त्या ऑर्डरच्या पैशातूनच घ्या. पण ऑर्डर महिन्याला दोन आणि हप्ता दर महिन्याला, अशा हिशेबात मी भल्याभल्यांची दुकानं बंद झालेली पाहिली आहेत.

पोराला हे पटलं की नाही, माहीत नाही. जाताना मोबाइलवर नवीन मॉडेलचे फोटो पाहतच गेला. पण रविवारी फोन आला. "सर, ते 11 नंबरवालं जमलं. आई म्हणे, पेटी कोणाची आणली?" त्याच फोनवर विचारलं त्यानं, गावातल्या दुसऱ्या दोघांचे कीबोर्ड असेच जुळवून दिले तर किती घ्यायचे. मी म्हटलं, पहिल्याचे पाचशे घे, मग बघू.