केळ्यावर कसला राग काढताय?

केळं खाऊन तुमचं वजन वाढलेलं नाही. हे आधीच बोलून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

सध्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर बसा, वजन कमी करायच्या मोहिमेवर निघालेलं कुणी ना कुणी भेटतंच. आणि त्यांच्या 'बंद' यादीत केळं, आंबा, चिकू, द्राक्षं, सीताफळ ही मंडळी अगदी वरच्या नंबरावर असतात. 'अगं, किती शुगर असते त्यात!' हे वाक्य तर पाठच झालंय सगळ्यांचं. हे बोलताना हातात कँटीनचा तिसरा चहा असतो, ही गंमत वेगळी.

ही भीती आली कुठून? एक तर जिमचा ट्रेनर. तो पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर डाएट चार्ट पाठवतो, त्यात फळांच्या नावावर काट. का, असं विचारलं तर उत्तर 'शुगर आहे ना भाऊ'. दुसरं म्हणजे मोबाइलमधलं कॅलरी मोजायचं ॲप. एक मध्यम केळं टाकलं की ते सांगतं, १०५ कॅलरी, १४ ग्रॅम साखर. सफरचंद टाकलं तर १९ ग्रॅम. संध्याकाळपर्यंत साखरेचा रकाना मर्यादेच्या पार आणि तुमचा चेहरा पडलेला. ॲपचाही दोष नाही म्हणा. ती साखर केळ्यातून आली की कोल्ड्रिंकच्या बाटलीतून, हे त्या रकान्याला कळतच नाही.

तिसरं कारण जरा जुनं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट लस्टिग यांचं साखरेवरचं एक व्याख्यान यूट्यूबवर तुफान गाजलं. फ्रुक्टोज नावाची साखर जास्त झाली की यकृतावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. या फ्रुक्टोजला आपण मराठीत म्हणतो फळशर्करा. नावातच फळ! मग संशय फळावर जाणारच. पण लस्टिग यांचा रोख होता तो कोल्ड्रिंक, ज्यूस आणि पाकीटबंद खाण्यावर. अख्ख्या फळातला चोथा त्या साखरेला आवर घालतो, हे तेही सांगत आलेत. रीलपर्यंत पोचता पोचता नेमका तेवढा भाग गळला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. फळातली साखर काही वेगळी, 'पवित्र' साखर नसते. केळ्यातलं ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज आणि साखरेच्या डब्यातून आलेलं ग्लुकोज, फ्रुक्टोज हे रेणू म्हणून एकच. 'नॅचरल आहे, मग चालतं' हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा आहे. मधही नॅचरलच असतो आणि गूळही. फरक पडतो तो साखर कशात गुंडाळून आली आहे, याने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हाच फरक केलाय. दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी 'फ्री शुगर'चा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाचच्या आत ठेवलात तर आणखी बरं, असं त्या म्हणतात. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, साधारण बारा चमचे. या फ्री शुगरमध्ये वरून घातलेली साखर येते, मध येतो, पाक येतो आणि फळांचा रससुद्धा येतो. अख्खं फळ येत नाही. उलट फळं-भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खा, हा सल्ला त्याच संघटनेचा आहे. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो आहार सुचवला, त्यातही दोन हजार कॅलरींच्या ताटात १०० ग्रॅम फळ आहेच.

रस आत आणि फळ बाहेर, हे ऐकायला विचित्र वाटतं. मोसंबी तीच, मग ग्लासात गेल्यावर असं काय बिघडतं? याचं उत्तर देणारा एक जुना, साधासा प्रयोग मला फार आवडतो. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं गेलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. पिष्टमय पदार्थांचं प्रमाण तिन्हीत सारखं. अख्खं सफरचंद चावून संपवायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला! पोट सगळ्यात जास्त भरलं ते अख्ख्या फळाने, सगळ्यात कमी रसाने. रक्तातलं इन्सुलिन रसानंतर जास्त चढलं आणि ग्लुकोज नंतर घसरलंही जास्त. म्हणजे साखर तेवढीच, पण चावायचे कष्ट आणि चोथा काढून घेतला की शरीराचा हिशेब बदलतो.

आता हे आपल्या ज्यूस सेंटरवर नेऊन बघा. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या पिळल्या जातात, चोथा बादलीत जातो, वरून साखरेच्या पाकाची पळी पडते. तुम्ही 'बिना शुगर' म्हणालात तरी तीन-चार मोसंब्या दोन मिनिटांत पोटात गेल्याच. एका बैठकीत चार मोसंब्या सोलून, बिया थुंकत खाऊन दाखवा बरं! दुसऱ्या मोसंबीलाच हात चिकट होतात आणि कंटाळा येतो. तो कंटाळा तुमच्या फायद्याचा असतो. (पुण्याच्या मस्तानीबद्दल मी इथे काही बोलणार नाही. ती आइस्क्रीम आहे, तिला आंब्याच्या नावाखाली फळांत मोजू नका, एवढंच. प्यायची तेव्हा मजेत प्या.)

मग फळं खाऊन वजन खरंच उतरतं का? २०११ मध्ये मेक्सिकोतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असलेल्या १३१ जणांना सहा आठवडे कमी कॅलरीचा आहार दिला होता. एका गटाला दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी फ्रुक्टोज. दुसऱ्याला ५० ते ७० ग्रॅम, तेही मुख्यत्वे फळांतून. वजन दोन्ही गटांचं उतरलं. फळं जवळपास तोडलेल्या गटाचं सरासरी २.८ किलो, फळं खाणाऱ्यांचं ४.२ किलो. सहा आठवडे म्हणजे काही फार काळ नाही आणि यावरून 'फळं चरबी वितळवतात' असं कुणी म्हणालं तर त्यालाही गप्प बसवा. पण फळांतल्या साखरेने वजन अडून राहतं, हा दावा इथे टिकत नाही.

आकड्यांतच बोलायचं तर हा हिशेब करून बघा. पन्नास ग्रॅम बटाटा वेफर्स म्हणजे सुमारे २७० कॅलरी. लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या मधल्या दहा मिनिटांत, गप्पा मारता मारता संपतात. तेवढ्याच कॅलरी कलिंगडातून घ्यायच्या तर ९०० ग्रॅम गर खावा लागेल. पेरूतून घ्यायच्या तर ४०० ग्रॅम पेरू, म्हणजे चांगले मोठे दोन. त्या पेरूंतून वीसेक ग्रॅम फायबरही मिळतं आणि जबडा दुखतो तो वेगळा. आंबा म्हणाल तर मध्यम हापूसचा दीडशे ग्रॅम गर म्हणजे नव्वदेक कॅलरी. एवढ्यासाठी अख्खा मे महिना तोंड पाडून बसायचं?

आणि ज्या साखरेची खरंच काळजी करायला हवी ती कुठे आहे? कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर. चहाच्या कपात दोन चमचे धरले तर आठ ग्रॅम, चार कप झाले की बत्तीस. टपरीवरच्या चहात साखर आधीच उकळलेली असते, तुम्हाला विचारतंय कोण? 'हेल्दी' लिहिलेला प्रोटीन बार, फ्लेवर्ड योगर्ट, मूसली, कॉफीचं सॅशे. आता पाकिटांवर 'टोटल शुगर' आणि 'ॲडेड शुगर' हे दोन आकडे वेगळे छापावे लागतात. त्यातला दुसरा वाचायची सवय लावा. माझा आक्षेप खरा इथे आहे. केळं बंद केलं की आपण साखरेचा बंदोबस्त केला, असं वाटायला लागतं. आणि चहाचा कप तसाच चालू राहतो.

बाकी फळांनाही मर्यादा आहेच. आमरसाच्या तीन वाट्या आणि सात पुऱ्या चापून 'फळच तर खाल्लं' म्हणू नका. सुकामेवाही जपून. १०० ग्रॅम द्राक्षांत ७० कॅलरी असतात, त्यांचेच बेदाणे झाले की १०० ग्रॅममध्ये तीनशे, कारण पाणी उडालं आणि साखर तिथेच राहिली. खजुराचंही तसंच. 'शुगर-फ्री' म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडू त्यामुळे लाडूच असतात. उपवासाला केळं टाळून तळलेले वेफर्स खाणाऱ्यांना तर हात जोडावेत. आणि ज्यांना डायबेटिस आहे, त्यांनी कुठलं फळ, किती, कशासोबत, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. ट्रेनरला नाही आणि मलाही नाही.

घरी गेलात की अजून एक वाद वाट बघत असतो: दीक्षित की दिवेकर? एक पार्टी दिवसातून दोनदाच जेवा म्हणते, दुसरी दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणते. तुम्हाला जे झेपेल ते करा. तुमच्या दिवसात फळ जेवणासोबत बसतं की मध्ये, एवढाच तो प्रश्न. त्यात फळावर आरोप कशाला?

हा सगळा खटाटोप मी एका केळ्यासाठी करतोय, असं वाटेल. पण हॉस्टेलवर राहणाऱ्याच्या बाजूने बघा. मेसची भाजी म्हणजे तेलावर तरंगणारे बटाटे. डाळीत डाळ शोधावी लागते. फ्रिज नाही, गॅस नाही, महिन्याचे पैसे मोजून येतात. अशा वेळी न शिजवता, न धुता, वडापावपेक्षा कमी पैशांत मिळणारं आणि बॅगेत मावणारं खाणं कुठलं? केळंच. 'शुगर आहे' म्हणून तेच काढून टाकलं की पाच वाजता भूक लागते, सात वाजेपर्यंत दम निघतो आणि नऊ वाजता रूममेटच्या फरसाणाचा डबा रिकामा होतो. मग रात्री अपराधी वाटतं. दुसऱ्या दिवशी आणखी कडक नियम. फळापासून सुरू झालेली ही काट मग भातावर जाते, पोळीवर जाते. कुणी वाढदिवसाला बोलावलं तर कारणं सांगून टाळणं सुरू होतं. आपल्या ग्रुपमध्ये अशी एखादी मैत्रीण किंवा मित्र असेल, तर 'वा, काय कंट्रोल आहे!' म्हणून टाळ्या वाजवू नका. अर्धं सफरचंद खाऊन कुणाला रडू येत असेल, तर प्रश्न सफरचंदाचा उरलेला नसतो. तिच्याशी, त्याच्याशी बोला. कॉलेजला कौन्सेलर असतील तर सोबत जा.

आणि हो, आपण राहतो कुठे तेही बघा. जळगावची केळी, नाशिक-सांगलीची द्राक्षं, नागपूरची संत्री, डहाणू-घोलवडचे चिकू, सासवडची अंजिरं. बाहेरची माणसं वाखाणून खातात ती फळं आपल्या नाक्यावरच्या हातगाडीवर येतात. त्यांना ओलांडून आपण दोनशे रुपयांचा इंपोर्टेड बार घ्यायला जातो.

तुमच्या कँटीनच्या काउंटरवर आत्ता काय आहे? चॉकलेटच्या बरण्या, वेफर्सच्या माळा, शेजारी कोल्ड्रिंक कंपनीचा चकाचक फ्रिज. केळ्यांचा घड बहुतेक ठिकाणी नसतो, कारण तो कुणी मागितलेलाच नसतो. स्टुडंट कौन्सिलची पुढची मीटिंग असेल तेव्हा हा विषय काढा. रोज दोन डझन केळी आणि सीझनला पेरू, काउंटरवर दीड फूट जागा लागेल. आठवडाभर ठेवून बघायला सांगा आणि रोज दुपारी दोनला किती उरलीत ते मोजा.