खुलताबादचे शिलेदार

पहाटे पाचच्या सुमारास खुलताबादहून वेरूळच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तरुण मुले धावताना दिसतात. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत पुरे केले, तर वीसपैकी वीस गुण! शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे प्रत्येकी पंधरा. अशा पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत निदान पंचवीस मिळवावे, मग शंभर गुणांच्या लेखी परीक्षेला बसण्याची आशा धरावी. पोलीस शिपाई होण्याच्या वाटेवरची ही पहिली पावले.

मध्यंतरी एका अभ्यासवर्गात मी सुचवले की, या मुलांसाठी आपण तालुक्याला विनाशुल्क तयारीवर्ग चालवावा. एका तरुण साथीने तत्काळ विचारले, “सर, आपल्याच मोर्चावर लाठी चालवणारे हात आपणच घडवायचे?” प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो त्याचा एकट्याचा नव्हता. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देणे मला अगत्याचे वाटते.

ही मुले का धावतात? सत्तेच्या हव्यासापोटी नव्हे. पर्जन्यछायेतली कोरडवाहू जमीन, तिचे पिढ्यागणिक झालेले तुकडे, आणि बारावीनंतर गावात न मिळणारे काम यांचा हिशेब मांडला की उत्तर सापडते. दरमहा निश्चित पगाराची नोकरी हाच या घरांपुढचा एकमेव ओळखीचा विमा आहे. २०२२-२३च्या रिक्त पदांसाठी जी भरती २०२४मध्ये झाली, तिच्यात १७,४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका पदामागे शंभर अर्ज! याला भरती म्हणायचे की बेकारीची खानेसुमारी?

खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि दख्खनच्या शेतकऱ्यांच्या पोरांना त्याने घोड्यावर बसवले. त्या काळच्या फौजांत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार ते स्वतःचे आणी. आजचा उमेदवार हा शिलेदार आहे, फरक इतकाच की त्याला चाकरीची हमी नाही. शहरातल्या अकादमीची फी, खोलीचे भाडे, दूध-अंडी, बूट हे सारे बाप कर्जाने उभे करतो. वर राज्यसंस्था अर्जासाठी खुल्या प्रवर्गाकडून ४५० आणि मागास प्रवर्गाकडून ३५० रुपये घेते. प्रत्येक अर्जामागे किमान दर धरला तरी त्या एका भरतीचा आकडा साठ कोटींवर जातो. बेकारांकडून वसूल होणारा हा कर कोणत्याही अंदाजपत्रकीय भाषणात कर म्हणून सांगितला जात नाही.

आणि किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. जून २०१४मध्ये मुंबईत भर उन्हात पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले, तेव्हा कुठे ते अंतर कमी झाले. २०२४ची मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली, आणि त्याही वेळी मृत्यू ओढवले. भरती नियमित नसल्यामुळे दोन भरतींच्या दरम्यान वय उलटून जाते. ऑगस्ट २०२५मध्ये सुमारे पंधरा हजार पदांना मंजुरी देताना सरकारलाच वयोमर्यादा ओलांडलेल्यांना एक वेळची सवलत द्यावी लागली. दिरंगाईची याहून स्पष्ट कबुली कोणती? याच सरकारने जुलै २०२३मध्ये मुंबईसाठी तीन हजार मनुष्यबळ सुरक्षा महामंडळाकडून कंत्राटी पद्धतीने घेण्याचे ठरवले होते. एकीकडे लाखो मुले धावताहेत, दुसरीकडे वर्दीचेही कंत्राट!

सरकार म्हणेल, बार्टी, महाज्योती यांच्या प्रशिक्षण योजना आहेत. आहेत, परंतु त्यांच्या जागा मोजक्या आणि गरजवंत लाखोंनी.

आता त्या साथीच्या प्रश्नाकडे वळतो. लाठी चालवणारा हात आपण वर्ग काढला नाही तरी तयार होणारच आहे. प्रश्न आहे तो, त्या हातामागचे डोके कोणी घडवायचे, हा. जनता राजवटीत १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाचा विचार केला आणि तो हुकूम पाळणारे यंत्र नसून विवेकाने निर्णय घेणारा माणूस असावा, असा आग्रह धरला. तो विवेक गोळा किती लांब फेकला यावरून मोजता येत नाही. मार्च २०२५मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापवले गेले, तेव्हा खुलताबादेत रात्रंदिवस उभा राहिला तो शिपाईच. अशा वेळी जमावापुढे त्याने माणसाचा धर्म पाहावा की कायदा, हे त्याला कोणी शिकवायचे? आपण शिकवणार नसू, तर शिकवायला दुसरे टपलेलेच आहेत.

शिवाय हा शिपाईही श्रमिकच आहे. १९६६च्या कायद्याने त्याच्या संघटना-स्वातंत्र्यावर मर्यादा घातल्या. ऑगस्ट १९८२मध्ये, गिरणी संप चालू असतानाच, मुंबईच्या पोलिसांनी काम बंद केले तेव्हा लष्कर बोलावण्यात आले. गिरणी कामगार आणि शिपाई एकाच शेतकरी मुलखातून आलेले होते. हे नाते राज्यकर्त्यांना कळले. आपण मात्र ते विसरलो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. अर्जाचे शुल्क रद्द करा. भरतीचे वार्षिक वेळापत्रक कायद्याने बांधून द्या. मैदानी चाचणी थंडीच्या दिवसांत, सकाळी, वैद्यकीय तपासणीनंतर घ्या. प्रत्येक तालुक्याला शासकीय पूर्वप्रशिक्षण द्या. म्हणजे शिलेदाराला पुन्हा बारगीर करा. आणि सरकार करीपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. एक खोली, अंकगणित व मराठी व्याकरण शिकवणारे दोन निवृत्त शिक्षक आणि आठवड्यातून एक तास राज्यघटना, इतके खुलताबादेत आजही शक्य आहे. अंकगणिताचा तास मी घेतो. बाकीचे कोण घेणार, ते येत्या तालुका बैठकीत ठरवावे.