दुकानाचा नंबर वेगळा ठेवा

वडूजमध्ये आता पंक्चर काढणाऱ्याकडेही दुकानाचा व्हॉट्सॲप नंबर असतो. त्यात नवल काही नाही. खटाव, माण, खानापूर या पट्ट्यातली कितीतरी माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. केरळात सोने गाळत बसलेला माणूस भाचीच्या लग्नाचे कपडे आणि घरचा मसाला गावातल्याच दुकानदाराला फोनवरून सांगतो, फोटो बघतो, पैसे पाठवतो. पाऊस कमी आणि बाजार लहान असलेल्या गावाला हे वरदानच म्हणायचे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे पूर्वी लोक माझ्याकडे लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पाटीचा मजकूर तपासायला आणायचे. हल्ली पोस्ट आणतात. "सर, दोन ओळी छान लिहून द्या." या निमित्ताने आपल्या छोट्या दुकानदारांचे मोबाईल मला जवळून बघायला मिळतात. बागवानांचे फळांचे गाडे, आतारांचे बांगड्यांचे दुकान, गादीवाले, बेकरी, गॅरेज, घरात बसून ब्लाऊज शिवणाऱ्या बायका. माझे मत असे की यातले बहुतेक जण गरजेपेक्षा फार जास्त टाकतात आणि त्यातले कामाचे फार थोडे असते.

रोज सकाळी एक सुविचार, मग कुठला तरी दिन, मग तयार बॅनर देणाऱ्या ॲपमधून स्वतःचा फोटो चिकटवलेली शुभेच्छा. लोक तुमचे स्टेटस म्यूट करतात आणि तुम्हाला ते कळतही नाही. ज्या दिवशी खरोखर नवा माल येतो, त्या दिवशी तो कुणालाच दिसत नाही. शिवाय मालाच्या फोटोखाली भाव नसतो. "भावासाठी संपर्क करा" असे लिहितात, मग वीस जण संपर्क करतात आणि वीस जणांना तेच उत्तर टाईप करत बसावे लागते. भाव लिहा, दुकान कुठल्या चौकात आहे ते लिहा, किती ते किती उघडे असते ते लिहा. आणि सरळ मराठीत लिहा. 'एक्स्क्लुझिव्ह कलेक्शन' वाचून वडूजला कोणी दुकानात येत नाही. 'सुती साडी, फॉल-पिकोसह' वाचून येतात.

माझ्या एका विद्यार्थ्याची आई शिलाईचे काम करते. तिची तक्रार होती, "दिनभर मोबाईलच बघना पडता सर, काम कब करू?" एक दिवस तिचे आलेले मेसेज आम्ही बसून वाचले. जवळजवळ सगळे मेसेज तीनच प्रश्नांचे होते. शिलाई किती, कधी मिळेल, आणि झाले का? व्हॉट्सॲपने छोट्या धंद्यासाठी वेगळे बिझनेस ॲप २०१८ च्या जानेवारीत काढले. ते फुकट आहे. त्यात ठरलेली उत्तरे एकदाच लिहून ठेवता येतात. नंतर तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की पूर्ण उत्तर येते. कॅटलॉगमध्ये साध्या, अस्तराच्या, नक्षीच्या ब्लाऊजचे फोटो भावासकट टाकता येतात. गिऱ्हाईकाच्या नावापुढे लेबल लावता येते, 'माप घेतले', 'शिवून तयार', 'पैसे बाकी'. रात्री नऊनंतर आलेल्या मेसेजला "उद्या सकाळी उत्तर देते" असा निरोप आपोआप जातो. तिला हे जमवायला दोन संध्याकाळी लागल्या. आता ती दुपारच्या जेवणानंतर आणि मगरिबनंतर अशी दोनदाच मोबाईल उघडते. 'झाले का' विचारणारी गिऱ्हाईकेही कमी झाली, कारण तयार झाले की तीच कळवते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज फक्त त्यालाच पोहोचतो ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. एका यादीत २५६ माणसे बसतात, पण त्यातल्या निम्म्यांनी नंबर सेव्ह केला नसेल तर तुम्ही भिंतीशी बोलता आहात. म्हणून गिऱ्हाईक समोर उभे असतानाच "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा" म्हणायचे. याला पैसे लागत नाहीत.

पण मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. आपल्याकडे दुकानाचा फोन, अब्बांचा फोन आणि पोराचा फोन हा एकच फोन असतो. त्याच नंबरवर मालाचे फोटो, त्याच नंबरवर निकाहचा ग्रुप, जमातीचा ग्रुप, आणि त्याच स्टेटसवर पोरगा रात्री बारा वाजता त्याला आवडलेले रील टाकतो. सकाळी दुकानाची चारशे गिऱ्हाईके ते बघतात.

पालघरची गोष्ट आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिले. त्यात शिवी नव्हती. तिला अटक झाली, पोस्ट लाईक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही झाली. आणि जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. पुढे याच प्रकरणावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम रद्द केले. न्याय झाला, पण जमावाने न्यायालयाची वाट बघितली नव्हती. लिहिले पुतणीने, फुटले काकांचे.

आपल्या जवळचे बघायचे तर ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. आणि तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरच्या रात्री, आपल्याच तालुक्यात पुसेसावळीला. समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला. एक तरुण जीवानिशी गेला. गाड्या जळाल्या, दुकाने जळाली. तो मजकूर कुणी टाकला, खाते कुणाच्या हातात होते, हे ठरायच्या आत सगळे होऊन गेले होते. वडूजच्या वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. औंधच्या पलीकडचे गाव, सगळ्यांचे कोणी ना कोणी तिथे आहे.

यावर आपले तरुण मला विचारतात, "दुसऱ्यांनी काहीही टाकायचे आणि आपणच का जपून राहायचे?" प्रश्न बरोबर आहे. हा अन्याय आहे आणि मी त्याला दुसरे नाव देणार नाही. जाळणाऱ्याचा गुन्हा पोस्ट टाकणाऱ्याच्या माथी मारणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही. नागरिक म्हणून तुला जे म्हणायचे ते म्हण, कायद्यात राहून म्हण, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खात्यावर म्हण. पण दुकान हे तुझ्या अब्बांचे तीस वर्षांचे काम आहे, त्यात तुझ्या बहिणीची फी आहे, दोन नोकरांचा पगार आहे. ती अमानत आहे. तिच्या खात्यावरून तू तुझे मत मांडतोस तेव्हा या सगळ्यांना न विचारता त्यांचे पैसे लावतोस.

काहींनी उलट टोक गाठले. नकोच ते म्हणून सगळे बंद केले. एकाने पाटीवरचे नाव बदलून घ्यायचा विचार बोलून दाखवला. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यपदार्थ विक्रेत्यांना मालकाचे नाव लावायला सांगितले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ते वाचून त्याच्या मनात आले असावे. न्यायालयाने सक्ती थांबवली, पण आपण होऊन नाव लपवायला निघालो तर काय म्हणावे? वडूजमध्ये कोण कुणाचा ते पाटी न वाचता सगळ्यांना माहीत असते. दुकानाच्या खात्यावर मालकाचे खरे नाव, खरा फोटो, खरा पत्ता असावा. गुगल मॅपवर दुकानाची नोंद करा आणि जुन्या गिऱ्हाईकांना तिथे दोन शब्द लिहायला सांगा. 'अमक्याकडून घेऊ नका' असले मेसेज फिरतात तेव्हा शेजारच्या वाडीतल्या पाटलांनी किंवा शाळेतल्या बाईंनी लिहिलेल्या त्या दोन ओळी आपल्या कुठल्याही खुलाशापेक्षा जास्त काम करतात.

ईदची एक शुभेच्छा, दिवाळीची एक शुभेच्छा, एवढी खुशाल टाका. गिऱ्हाईकाच्या मुलीचा नव्या ड्रेसमधला फोटो मात्र तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, भले फोटो त्यांनीच पाठवलेला असो.

नंबर वेगळा करणे अवघड नाही. बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. एका नंबरवर साधे व्हॉट्सॲप, दुसऱ्यावर बिझनेस, दोन्ही एकाच फोनमध्ये चालतात. दुकानाच्या नंबरवर एकही ग्रुप नको, घरचासुद्धा नको. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचे पान आठवड्यातून एकदा बसून मेटा बिझनेस सूटमधून पुढच्या तारखा लावून ठेवता येते. आठवड्याला दोन पोस्ट वडूजएवढ्या गावाला भरपूर झाल्या. जे टाकायचे ते एकाने लिहावे आणि घरातल्या दुसऱ्याने वाचून मग जाऊ द्यावे. मी वर्गात निबंधालाही हाच नियम लावतो.

आणि वही ठेवा. पुसेसावळीनंतर जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले तेव्हा मेसेज थांबले तसेच फोनवरून येणारे पैसेही थांबले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जगभर सहा तासांच्या आसपास बंद पडले होते. गिऱ्हाईकांची नावे आणि नंबर कागदावर असतील तर साधा फोन लावता येतो.

खाते कुणी चोरले किंवा तुमच्या नावाने खोटा स्क्रीनशॉट फिरवला, तर घरात बसून कुजबुजत राहू नका. त्याच तासाला पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवा आणि पोच घेतल्याचे ओळखीच्या चार प्रतिष्ठित माणसांना सांगा, आपल्यातल्या आणि बाहेरच्याही.

त्याआधीचे काम आजच करता येईल. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथे चार उपकरणे जोडता येतात. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या नोकराचा किंवा झेरॉक्सच्या दुकानातला संगणक अजून तिथे दिसत असेल तर काढून टाका. मग 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा आकडी पिन लावा. पोराची जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नको, ते सगळ्या गल्लीला पाठ असते. पिनसोबत ईमेलही विचारतात, तिथे 'स्किप' दाबू नका. ईमेल नसेल आणि पिन विसरला, तर खाते परत मिळायला सात दिवस थांबावे लागते. लग्नसराईत सात दिवस म्हणजे काय, ते शिलाईवाल्या कुठल्याही बाईला विचारा.